रात्री फ्रिज बंद ठेवण्याबद्दल खुलासा

‘रात्री दहा ते सकाळी सहा फ्रिज बंद ठेवा, बिल अर्धं येईल,’ असा मेसेज म्हापशाच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. बिल अर्धं वगैरे होत नाही. कॉम्प्रेसर रात्रभर चालत नसतोच. आत पुरेसा गारवा झाला की आपोआप थांबतो. रात्री बंद ठेवलात तर सकाळी तो आत शिरलेली उष्णता काढत बराच वेळ घुरघुरत बसतो. वाचते ती किरकोळ वीज. आणि आतलं तापमान ५ अंशांवर चढलं की बांगडा माशांचं काय होतं, ते गोंयकाराला सांगायला नको. (आमचं रविवारचं हुमण, म्हणजे माशांची कढी, या प्रयोगात गेलंच.) त्यापेक्षा दाराचं रबर तपासा. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. अलगद निघाली तर रबर सैल. आमची निघाली.