चेहरा चौकटीत आणा

आमच्या ऑफिसात थंब मारायचं मशीन होतं, तेव्हापासूनच माझं आणि यंत्रांचं बिनसलेलं आहे. माझा अंगठा त्याला कधी लागलाच नाही. कोरडा लावला तर ‘पुन्हा प्रयत्न करा’, जिभेला टेकवून ओला केला तर ‘पुन्हा प्रयत्न करा’, कपाळावर घासून तेलकट केला तरी तेच. आमच्या शिपायाचा अंगठा तंबाखू-चुना मळून मळून काचेच्या गोटीसारखा झालेला, पण त्याचा मात्र पहिल्या फटक्यात लागायचा. शेवटी कंपनीने ते मशीन काढलं आणि लिफ्टसमोरच्या भिंतीवर चेहरा ओळखणारं बसवलं. म्हटलं, सुटलो. अंगठ्याशी कुणाची ओळख नसेल, पण हा चेहरा घेऊन मी बावन्न वर्षं हिंडतोय. डोंबिवली स्टेशनबाहेरचा इडलीवालासुद्धा लांबून ओळखतो आणि मागची उधारी आठवून देतो.

चेहरे नोंदवायच्या दिवशी मी एचआरच्या मॅडमना सहज विचारलं, ‘‘मॅडम, आमचे चेहरे ठेवणार कुठे?’’

‘‘क्लाऊडवर,’’ असं म्हणून त्यांनी छताकडे बोट केलं. मी वर पाहिलं. तिथे एसीच्या गळतीने फुगलेला पीओपीचा पोपडा होता.

दुसऱ्या दिवसापासून छळ सुरू झाला. मशीनमध्ये एक बाई राहते. ‘कृपया चेहरा चौकटीत आणा’ असं ती म्हणते. मी आणतो. ‘जवळ या.’ जातो. ‘मागे सरका.’ सरकतो, तर मागच्याच्या पायावर पाय. रांगेतून सल्ले येतात. ‘‘चष्मा काढा.’’ ‘‘हसू नका हो.’’ ‘‘नोंदवताना जसं तोंड केलं होतं, तसं करा ना!’’ नोंदवताना मी कसं तोंड केलं होतं, हे मला कसं आठवणार? आपलं तोंड आपल्याला थोडंच दिसतं! तोवर नऊ चाळीस वाजलेले असतात. नऊ चाळीसनंतर लेट मार्क, तीन लेट मार्कांचा एक हाफ डे. म्हणजे मशीनसमोर उभं राहून, मशीनच्या डोळ्यांदेखत मला उशीर व्हायचा.

दोष कुठे आहे, ते शिपायाने शोधलं. लिफ्टसमोर काचेचं दार आहे. सकाळी त्यातून ऊन आत येतं आणि आपल्या पाठीमागून मशीनच्या डोळ्यात जातं. माझा चेहरा काळा दिसतो आणि कपाळ लोकलमधल्या घामाने चकाकतं. ‘‘थांबा साहेब,’’ असं म्हणून त्याने निळी प्लास्टिकची फाईल उघडून माझ्या डोक्यामागे धरली, देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते तशी. पाचातून एखाद वेळी लागायला लागलं. पण रोज सकाळी मागे प्रभावळ घेऊन उभं राहायचं म्हणजे... एका नव्या मुलीने तर खरंच हात जोडले.

हे सगळं मी घरी जेवताना सांगितलं, तर मुलगी टाळ्या पिटायला लागली. ती जे. जे.मध्ये शिकते. ‘‘बाबा, तू नॅचरल आहेस! लोक ह्यासाठी वर्षानुवर्षं काम करतात.’’

मग तिने मोबाईलवर दाखवलं. ॲडम हार्वी नावाचा एक कलावंत आहे. २०१० साली न्यूयॉर्क विद्यापीठात शिकताना त्याने कॅमेऱ्याला चेहरा सापडू नये म्हणून केशभूषा आणि रंगभूषा तयार केली, नाव ‘सीव्ही डॅझल’ (सीव्ही म्हणजे कॉम्प्युटर व्हिजन, यंत्राची नजर). एका मुलीच्या अर्ध्या केसांची झालर नाकावर आलेली, एका गालावर काळा त्रिकोण, दुसऱ्यावर पांढरा. आमच्या कोकणात दशावताराच्या रात्री दिव्याच्या उजेडात अशी तोंडं पाहून मी लहानपणी रडलो होतो. पण त्या त्रिकोणामागे हिशेब आहे. व्हायोला आणि जोन्स या दोघांनी २००१ साली यंत्राला चेहरा शोधायची जी रीत शिकवली, ती अगदी साधी होती : डोळ्यांचा पट्टा गडद, त्याखाली गाल उजळ, दोन डोळ्यांच्या मधला नाकाचा दांडा उजळ. अशा काळ्या-पांढऱ्या चौकोनांची बेरीज जुळली की यंत्र म्हणतं, हा माणूस. हार्वीने ती बेरीजच बिघडवली. नाकाचा दांडा झाकायचा, डावं-उजवं सारखं ठेवायचं नाही, उजळ तिथे गडद करायचं.

डॅझल हे नावही त्याचं नाही, ते पहिल्या महायुद्धातलं. १९१७ साली नॉर्मन विल्किन्सन नावाच्या इंग्रज चित्रकाराने जहाजांवर काळे-पांढरे तिरपे पट्टे मारायला सांगितले. जहाज लपणार नव्हतंच, एवढं धूड समुद्रात लपवणार कुठे? पण पाणबुडीतल्या माणसाला ते नेमकं कुणीकडे आणि किती वेगाने चाललंय, याचा अंदाज येईना, म्हणजे नेम चुकेल. दादरच्या पुलावर समोरून येणाऱ्या माणसाला आपण डावीकडून जाणार की उजवीकडून हे कळू न देण्याची जी कला असते, तीच.

मला हार्वीच्या कल्पनेत एकच खोट दिसते. गालावर त्रिकोण काढून, नाकावर झालर सोडून तुम्ही ठाणे स्टेशनात उतरलात, तर कॅमेऱ्याला दिसणार नाही, पण उरलेला अख्खा प्लॅटफॉर्म तुमच्याकडेच बघेल. शिवाय यंत्रं आता पुढे गेली. ते चेहरे त्या वेळच्या यंत्रासाठी होते, आजच्या यंत्रासाठी नवे शोधावे लागतील, हे हार्वी स्वतःच सांगतो. त्यापेक्षा पुण्याच्या मुली बऱ्या, स्कूटरवर स्कार्फ गुंडाळला, गॉगल लावला, की सख्ख्या आईने हाक मारायची सोय नाही.

असो. मी व्यवहारी माणूस आहे. हार्वीच्या सगळ्या सूचना मी उलट्या करून कागदावर लिहिल्या. केस : तेल लावून मागे. नाकाचा दांडा : मोकळा. डावं-उजवं : सारखं (यासाठी भांग मधोमध पाडला). सोमवारी हा अवतार घेऊन गेलो. शिपायाने प्रभावळ धरली. यंत्रातली बाई म्हणाली, ‘कृपया चेहरा चौकटीत आणा.’ मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘साहेब, कुणाकडे काही झालं का?’’

मला वाईट एवढ्याचंच वाटायचं, की जगातली हुशार माणसं जे मिळवायला जिवाचं रान करतात, ते मला फुकट मिळालेलं होतं आणि मला नको होतं. टोकियोच्या राष्ट्रीय माहितीशास्त्र संस्थेतले इसाओ एचिझेन यांनी २०१७ मध्ये लोकांना बजावलं, की फोटोत दोन बोटांचा ‘व्ही’ दाखवू नका, तीन मीटरवरून काढलेल्या फोटोतूनही बोटांचे ठसे उचलता येतात. तीन मीटर! इथे मी सात वर्षं काचेवर अंगठा दाबून दाबून नख काळं केलं. बेल्जियममधल्या लूवेनच्या संशोधकांनी २०१९ साली साधारण सव्वा फुटाचं एक रंगीबेरंगी चित्र पोटावर धरलं, तर कॅमेऱ्यामागच्या यंत्राला तिथे माणूसच दिसेना. चित्र बाजूला केलं की माणूस हजर. आमच्या प्रमोशनच्या यादीत मी अकरा वर्षं दिसत नाही, तेही पोटावर काही न धरता.

घरात मात्र या विद्येचा प्रसार झाला. मेहुण्याने दिवाळीला एक बोलका स्पीकर दिला होता. शिकागो विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने असाच स्पीकर घरी आणायचं ठरवलं, आणि त्याच्या बायकोने (तीही तिथेच प्राध्यापक) सतत ऐकणारं हे भूत घरात नको म्हणून धसका घेतला. पुढे त्यांच्या चमूने २०२० मध्ये एक कंकण बनवलं. त्यात भोवताली चोवीस छोटे स्पीकर, ते आपल्याला न ऐकू येणारा आवाज काढतात आणि जवळपासचे मायक्रोफोन बधिर करतात. हात हलला की आवाज सगळीकडे पसरतो, कुठला कोपरा सुटत नाही. मी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. ही म्हणाली, ‘‘त्याला चोवीस स्पीकर कशाला? अहो, वायर काढा ना.’’ आणि काढलीच. आता त्या स्पीकरवर विरजणाचं भांडं ठेवतात.

मोबाईलसाठी मुलीने फॅरेडेचा पिंजरा सुचवला. भोवती सगळीकडून धातू असेल, तर बाहेरच्या विजेचा परिणाम आत पोचत नाही, हे मायकल फॅरेडेने १८३६ सालीच दाखवलं होतं; मोबाईलच्या लहरीही तशाच अडतात. मी फोन स्टीलच्या पोळ्यांच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. पाचव्या मिनिटाला डबा वाजायला लागला. झाकणाच्या फटीतून लहरी शिरतात म्हणे. डबा उघडून, हाताला पीठ लागलेलं असताना मी फोन घेतला, तर एचआर मॅडम. ‘‘आज तुमची हजेरी दिसत नाहीये.’’

मग मी चष्मा बदलला, आणि इथून गोष्ट माझ्या हाताबाहेर गेली. जुना सोनेरी काड्यांचा होता, त्याऐवजी ठिपक्याठिपक्यांची जाड तपकिरी फ्रेम घेतली. मंगळवारी मशीनसमोर उभा राहिलो. एका क्षणात हिरवा दिवा! बाई गोड आवाजात म्हणाली, ‘नमस्कार,’ आणि तिने अकाउंट्सच्या मॅडमचं नाव घेतलं.

मला हसू आलं, रांगेला त्याहून जास्त. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, हे तर पिट्सबर्गमध्ये केलंय!’’ तिथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या मंडळींनी २०१६ मध्ये चष्म्याच्या फ्रेमवर आखूनरेखून रंगीत नक्षी छापली, साध्या प्रिंटरवर. ती घातल्यावर त्यांच्यातल्या एका पुरुषाला यंत्र दहातून जवळजवळ नऊ वेळा मिला योवोविच ही नटी समजलं. त्यांना नटी मिळाली. मला अकाउंट्सच्या मॅडम मिळाल्या. अडतीस वर्षं नोकरी झालेली बाई, माझ्यापेक्षा मिशाही जास्त. (हे वाक्य ही वाचणार नाही, अशा खात्रीने लिहिलंय.)

मॅडम बदलापूरहून येतात. आठवड्याभरात त्या माझ्या टेबलाशी आल्या, वाटीत बेसनाचा लाडू. ‘‘सर, उद्या जरा तेवढा नवा चष्मा लावाल का? सकाळी गॅसवाला यायचाय.’’ लाडू चांगला होता. मी लावला. परवा म्हणाल्या, गाड्या लेट आहेत. मग नळाचं पाणी. माझी हजेरी जुन्या चष्म्याने, प्रभावळीसकट, पाचातून एकदा. त्यांची नव्या चष्म्याने रोज, पहिल्या फटक्यात. महिन्याच्या शेवटी माझे दोन हाफ डे गेले आणि त्यांना वक्तशीरपणाचं प्रशस्तिपत्र मिळालं.

घोटाळा एका बुधवारी झाला. मॅडम भाचीच्या डोहाळजेवणाला नाशिकला गेल्या होत्या, रजेचा अर्ज देऊन, आणि मला सांगायला विसरल्या. मी सवयीने नवा चष्मा लावला. मॅडम एकाच दिवशी रजेवर आणि नऊ एकतीसला हजर! एचआरने दोघांना बोलावलं. अकाउंट्सच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, ‘‘मशीन म्हणतंय ना मी होते? मग माझी रजा परत जमा करा.’’

माझा चष्मा जप्त झाला. हजेरीचा पुरावा म्हणून रोज आल्याबरोबर फोटो काढून ग्रुपवर टाका, असा हुकूम निघाला. यावर मुलीने मला हसन इलाही सांगितला. बांगलादेशात जन्मलेला हा अमेरिकी कलावंत. २००२ मध्ये परदेशातून परतताना डेट्रॉइटच्या विमानतळावर त्याला संशयावरून अडवलं, पुढे कित्येक महिने एफबीआयच्या चौकश्या. त्याने ठरवलं, तुम्हाला मी कुठे असतो तेच पाहिजे ना? घ्या! आणि आपला ठावठिकाणा, जेवणाची ताटं, विमानतळ, संडासं, सगळ्याचे हजारो फोटो तो जगापुढे मांडत राहिला. एवढं दाखवलं की बघणाऱ्याला त्यातून काही कळू नये. मला हा माणूस ह्या सगळ्यांत भारी वाटतो. लपायला पैसे लागतात, ह्याला नुसता चिवटपणा लागला.

मी लिफ्टचा फोटो टाकला. मग खुर्चीचा. चहा, साय धरलेला. डबा : तोंडलीची भाजी, चार पोळ्या. डबा खाल्ल्यावरचा डबा. साडेतीनला बाथरूमचं दार. दुसऱ्या दिवशी तोंडलीच, पण वेगळ्या कोनातून. तिसऱ्या दिवशी एचआर मॅडमनी माझ्यासाठी जुनं मस्टर काढून दिलं, दोरीला बांधलेल्या पेनासकट. मी सही करतो, शिपाई साक्षीला असतो.

इथपर्यंत ठीक होतं. मग इमारतीच्या गणपतीचं पाचव्या दिवशी विसर्जन झालं. ऑफिसला सुट्टी होती, पण मिरवणुकीला आम्ही सगळे. रात्री नऊ वाजता, कपाळापासून हनुवटीपर्यंत गुलालाने माखलेला, डोळे तेवढे उघडे, मी आदल्या दिवशी विसरलेला डबा आणायला वर गेलो. ऊन नव्हतं, घाम गुलालाने टिपला होता. लिफ्टचं दार उघडलं, मी मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही, तर त्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये हिरवा दिवा लागला आणि बाईने माझं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, स्वच्छ उच्चारलं. ‘नमस्कार.’

मी डबा घेतला आणि जिन्याने पळालो. बाहेर जाताना पंच करायचं राहिलं. दुसऱ्या दिवसापासून गुलाल नाही आणि मशीन मला ओळखत नाही, त्यामुळे एक्झिट पडत नाही. एचआर मॅडमच्या स्क्रीनवर मी पाचव्या दिवसापासून अजून आतच आहे.