'आपोआप' हा शब्द मागे घेतो

नमस्कार. तुमची तक्रार अशी की, अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या लायसन्सवरच्या लेखात 'एनकार्बचं (NCARB) सर्टिफिकेट असलं की दुसऱ्या राज्याचं लायसन्स आपोआप मिळतं' असं मी लिहिलं, त्या भरवशावर तुम्ही कॅलिफोर्नियातल्या क्लायंटला तारीख दिलीत आणि तोंडघशी पडलात. 'आपोआप' चुकलंच माझं. मूळ लेखात आजच दुरुस्त करतो.

पण 'सर्टिफिकेट म्हणजे नुसता पैसे उकळायचा धंदा' हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही. एनकार्ब लायसन्स देतच नाही. ते देतं राज्याचं बोर्ड. इलिनॉयने १८९७ साली पहिला कायदा केला, बाकीच्यांनी आपापल्या सवडीने. १९१९ साली एनकार्ब आली ती या बोर्डांचीच संघटना म्हणून. आज त्यात ५५ बोर्डं आहेत. सर्टिफिकेट म्हणजे तुमची एकदा तपासून ठेवलेली फाईल: डिग्री, अनुभवाचे तास, परीक्षेचे पेपर, पहिलं लायसन्स. नवं बोर्ड एवढंच म्हणतं की हे आम्ही परत उकरत नाही. त्यापुढे त्यांचं स्वतःचं जे काही असेल ते आहेच. टेक्सासला बोटांचे ठसे लागतात. कॅलिफोर्नियाची सप्लिमेंटल परीक्षा तर वीस वर्षं न्यू जर्सीत सह्या करणाऱ्यालाही चुकत नाही, कारण भूकंप आणि तिथले पर्यावरणाचे कायदे त्याने जर्सीत कुठे पाहिलेले असतात?

रेसिप्रोसिटीत, म्हणजे एका राज्याच्या लायसन्सच्या आधारे दुसऱ्याचं घेण्यात, तुमचं जुनं लायसन्स नदी ओलांडत नाही, पलीकडे नवं मिळतं. हे मी अक्षरशः नदीवरच शिकलो. पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या दुकानाच्या नकाशांचा सेट, घाईत सगळ्या शीटवर माझा जर्सीचा आर्किटेक्टचा शिक्का (सील). परमिटच्या खिडकीवरच्या बाईंनी पहिल्याच शीटच्या नाव-शिक्क्याच्या चौकटीवर पेन्सिल टेकवली, 'हे डेलावेअर नदीच्या पलीकडचं', आणि गुंडाळी परत. लायसन्स दोन्हीकडचं होतं हो माझ्याकडे! अठरा शीट पुन्हा प्रिंट केल्या.

'भारतात कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा एक नोंदणी नंबर कोल्हापूरपासून कोहिमापर्यंत चालतो, इथेच हे नखरे का' असं विचारलंत. तुलना तितकी सरळ नाही. भारतातल्या १९७२च्या आर्किटेक्ट कायद्याचं कलम ३७ 'आर्किटेक्ट' म्हणवून घेण्यावर बंधन घालतं, काम करण्यावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. इथे कामच लायसन्सला बांधलेलं आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर काम करून देण्याची तयारी दाखवणं हीसुद्धा प्रॅक्टिसच. म्हणून, रागावू नका, पण क्लायंटला दिलेल्या तारखेपेक्षा मला त्याला पाठवलेल्या तुमच्या प्रपोजलची जास्त काळजी वाटते. ते लायसन्स येण्याआधी गेलं असेल तर बोर्डाशी स्वतःहून बोला.

राहिला पुण्याहून इथे येऊ पाहणाऱ्या तुमच्या आर्किटेक्ट भावाचा प्रश्न. एकमेकांच्या आर्किटेक्टांना मान्यता देण्याचे एनकार्बचे करार कॅनडाशी २०१४पासून, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी २०१७पासून, ब्रिटनशी २०२३पासून. तेही प्रत्येक राज्याने मान्य केले तरच. भारताशी नाही. त्यामुळे कौन्सिलच्या नंबरावर त्याचं इथे भागणार नाही: डिग्रीचं मूल्यमापन, अनुभवाचे ३,७४० तास आणि सहा पेपर. पुण्यातून निघण्याआधी कॉलेजकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्टच्या दोन-तीन प्रती तेवढ्या घ्यायला सांगा. इथून मागवण्यात माझे चार महिने गेले होते, आणि शेवटी आईलाच ऑफिसात बसवावं लागलं.