नाही म्हणजे नाहीच

इकडचे मेसेज तिकडे पोचवायचे, एवढंच काम असलेल्या एका सॉफ्टवेअरची राखण माझ्याकडे आहे. कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे. फक्त त्याला नकार कळत नाही.

समोरचा सर्व्हर रीस्टार्ट होत असेल, तर जरा थांबून पुन्हा विचारण्यात शहाणपण आहे. पण पासवर्डच बदलला असेल, सर्टिफिकेटची मुदत संपली असेल किंवा ज्या क्यूत, म्हणजे रांगेत, मेसेज टाकायचा ती क्यूच कोणी उडवली असेल, तर जन्मभर विचारून काय मिळणार? ईमेलवाल्यांनी हा फरक कधीच आकड्यांत बसवलाय. एसएमटीपीत, म्हणजे ईमेल पोचवायच्या नियमावलीत, ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे ‘नंतर या’, ५ ने सुरू होणारा म्हणजे ‘येऊच नका’. इतकं स्वच्छ बोलणं सगळ्यांना जमतं तर मी रात्री झोपलो असतो.

आमचं गुणी बाळ ‘पासवर्ड चूक आहे’ हे ऐकूनही तोच पासवर्ड देतं. दर सेकंदाला. शेवटी समोरचा वैतागून अकाउंटच लॉक करतो. इकडे लॉगच्या नोंदवहीत एकच ओळ घोकून घोकून डिस्क भरते, आणि मला मध्यरात्री फोन येतो तो डिस्क भरल्याचा!

याहून छळवादी म्हणजे अर्धमेलं कनेक्शन. समोरचा केव्हाच गेलाय आणि याला पत्ताच नाही. लिनक्सवर कनेक्शन सांभाळणाऱ्या टीसीपीचं कीपअलाइव्ह, म्हणजे ‘आहेस का रे?’ असं विचारायची सोय, चालू केलं, तरी मुळात ठरलेली पहिली विचारपूस ७२०० सेकंदांच्या शांततेनंतर, म्हणजे तब्बल दोन तासांनी. तोवर डॅशबोर्डवर हिरवा दिवा. इतका निर्ढावलेला खोटारडा मी माणसांतही पाहिला नाही.

मीटिंगमध्ये ठरलं, कायमचा नकार आला की प्रोसेसने, म्हणजे चालू असलेल्या या सॉफ्टवेअरने, गुमान मरावं. मेली. प्रोसेस चालत्या ठेवायचं काम कुबरनेटीस नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे; त्याने लगेच उठवली. पुन्हा मेली. मग ते दर खेपेला दुप्पट थांबू लागलं, १० सेकंद, २०, ४०, असं करत पाच मिनिटांपर्यंत; पण उठवायचं काही सोडलं नाही. खोड तीच, फक्त एक मजला वर गेली.

आता न पोचणारे मेसेज आम्ही डेड लेटर क्यूत टाकतो. ती तुंबली की मला अलर्ट येईल, अशीही सोय केली आहे. तो अलर्ट याच सॉफ्टवेअरमधून येतो.