मल्टिटास्किंगचं कौतुक पुरे झालं!

एक्सेलच्या तक्त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर का पाठवता? का? मूळ फाइल जोडायला तेवढाच वेळ लागतो! आता समोरच्याने डोळे फोडून एकेक आकडा पुन्हा टाइप करायचा आणि एखादा चुकला, की बोलणी त्यानेच खायची.

मेल करायचा, लगेच व्हॉट्सॲपवर ‘मेल बघा’ टाकायचं, दोन मिनिटांत फोन: ‘बघितला का?’ अहो, तुमचे फोन घेत बसलो तर मेल वाचणार कधी? गुगल शीट्समध्ये सगळ्यांना एकाच शीटवर एकाच वेळी काम करता येतं. तरी ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल साहेबांनी बघितलेली’ अशा फाइली फिरतातच.

आणि मीटिंग! मान खाली, बोटं भलत्याच मेलवर. नाव पुकारलं की ‘सॉरी, परत सांगता का?’ एकाच्या मल्टिटास्किंगपायी सगळ्यांनी तेच पुन्हा ऐकायचं. वेळ वाचला कुणाचा?

संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्येच दाखवून दिलंय, की अर्धवट सोडलेल्या कामात मन अडकून राहतं आणि पुढचं कामही त्यामुळे बिघडतं. तरीही नोकरीच्या जाहिरातीत ‘मल्टिटास्किंग आवश्यक’ असतंच! आवश्यक कशाला? दोन्ही कामं नासवायला?

एक काम हातात असताना तासभर तरी माणसाला मोकळं सोडा ना! संध्याकाळी सहा वाजता ‘अजून झालं नाही?’ असं विचारायला तुम्हीच येणार आहात.