प्रीमियर पद्मिनी गाडीच्या ब्रेक किटवरच्या (सिलिंडरमधल्या रबरांच्या संचावरच्या) 1 स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचा सुट्टीचा दिवस वाया गेला, गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाकं काढून उभी राहिली, त्याबद्दल सॉरी. दुकानात माझा आवाज चढला असं तुम्हाला वाटलं असेल तर त्याचीही माफी मागतो. पण "डुप्लिकेट किट देऊन जिवाशी खेळ केला" हे जे तुम्ही सगळ्यांसमोर लिहिलंय ते वाचून रात्रभर झोप नाही लागली, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय की चारही चाकांचे सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो) खोलून डिझेलने चकाचक धुतले आणि मग नवीन रबर टाकले. साहेब, सगळं तिथंच बिघडलं. ब्रेकच्या रबराला डिझेल, रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल यातलं काहीच चालत नाही, थोडंसं जरी आत राहिलं तरी रबर फुगतं आणि मऊ पडतं. हे धुवायचं तर फक्त ब्रेक ऑइलने नाहीतर मिथिलेटेड स्पिरिटने, आणि हे मी किट बांधून देताना काउंटरवर सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणालात "माहितीये, व्हिडिओ बघितलाय". तुम्ही परत आणलेल्या रबराच्या शेजारी त्याच लॉटमधलं नवीन रबर ठेवून मी तुम्हाला दाखवलं, फरक डोळ्यांना दिसत होता. डुप्लिकेट रबर बहुतेक कडक असतं, झिजतं, चिरतं; डिझेलने धुतल्यावर पंधरा दिवसांत असं फुगलं तर ते डिझेलनेच हो.

आणि तुम्ही लिहिलंय ना की नंतर ब्रेक आपोआप धरून बसायला लागले, ड्रम तापून वास यायला लागला, तर ते पण त्याचंच. मास्टर सिलिंडरच्या आत एक अगदी बारीक भोक असतं, पाय काढला की ऑइल त्यातून वर डब्यात परत जातं. रबर फुगलं की ते भोक झाकलं जातं, ऑइल परत जायला वाट राहत नाही, प्रेशर लाइनमध्येच अडकतं आणि शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) ड्रमला चिकटून राहतात. तुमच्या गाडीत किट खराब म्हणून नाही झालं हे. वाचणाऱ्या कुणाचं असं झालं असेल तर नुसतं ऑइल बदलून भागत नाही, पाइप स्पिरिटने धुवावे लागतात आणि होजसकट (चाकाकडे जाणारे रबरी पाइप) सगळं रबर नवीन टाकावं लागतं.

पहिल्या दिवशी पेडल खाली जात होतं त्याचं कारण वेगळं. ब्रेक लाइनमधली हवा काढताना तुम्ही ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं चाक आधी घेतलं. आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून हवा काढायची सुरुवात सगळ्यात लांबच्या म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून, मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. पेडलवरच्या माणसाने दाबून धरायचं, निपल (चाकाच्या सिलिंडरवरचा हवा काढायचा स्क्रू) बंद झाल्याशिवाय पाय सोडायचा नाही, नाहीतर बाहेरची हवा परत आत ओढली जाते आणि ब्रेक ऑइलच्या दोन काय चार बाटल्या ओतल्या तरी पेडल स्पंजीच राहणार. त्याआधी शू ॲडजस्ट करून घ्यायचे, पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत, शू सैल असतील तर हवा नसतानाही पेडल खोल जातं.

ऑनलाइन स्वस्त मिळतं म्हणता तर मिळत असेल, मी नाही म्हणत नाही. पण ही गाडी जिथं बनायची त्या कुर्ल्यातच आमचं दुकान आहे, वडिलांपासून काळी-पिवळीवाले आमच्याकडूनच सामान न्यायचे. शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 च्या ऑक्टोबरमध्ये रजिस्टर झाली, 20 वर्षांची मुदत संपून 2023 मध्ये ती पण बंद झाली, तेव्हापासून आमचं गिऱ्हाईक म्हणजे तुमच्यासारखे वडिलांची गाडी जपणारे लोकच राहिलेत. कंपनी नाही, ओरिजिनल सामान येत नाही, छोटे कारखानदार जे बनवतात त्यातलं मी स्वतः बघून, नग नग तपासून ठेवतो, भांडवल वर्ष वर्ष अडकून पडतं. अशा धंद्यात एक माणूस डुप्लिकेट म्हणाला की दहा जण दुकानाची पायरी चढत नाहीत. मी चूक नसताना हे ऐकून घ्यायचं म्हणजे फार लागतं हो.

फोन उचलला नाही म्हणून पण तुम्ही लिहिलंय. तो फोन रविवारी रात्री साडेदहाला आला होता, रविवारी दुकान बंद असतं आणि बोर्डावर तसं लिहिलेलं आहे. तरी फोनचं काहीतरी बघतो. किटबरोबर मराठीत सूचनांचा कागद द्यायचा पण विचार चालू आहे. एकदा बसवलेलं ब्रेकचं रबर मात्र परत घेता येणार नाही, ते मी दुसऱ्या कुणाला विकू शकत नाही आणि विकणारही नाही.

एक कळकळीची विनंती, गाडी आहे तशी चालवू नका, सोसायटीच्या गेटपर्यंतसुद्धा नाही. तुमच्या गाडीला मास्टर सिलिंडर सिंगल लाइनचा आहे, एका ठिकाणी गळालं की चारही चाकांचे ब्रेक जातात आणि हातात फक्त हँडब्रेक राहतो. मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर खोलून पिशवीत घालून घेऊन या, सोमवार ते शनिवार कधीही, दुपारी दोन ते तीन सोडून. समोर बसवून देतो, मजुरी घेणार नाही, सामानाचे मात्र पैसे लागतील. स्टार किती द्यायचे ते तुम्ही ठरवा, डुप्लिकेटचा आरोप तेवढा काढून टाका.