‘कोलेस्टेरॉलचा हृदयविकाराशी संबंध नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

तो मेसेज मला या महिन्यात तिसऱ्यांदा आला. या वेळी पाठवणारे ओळखीचे एक काका होते, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसलेले. खाली त्यांनी विचारलं होतं, “मग मी गोळी बंद करू का गं?” म्हणून हे लिहायला बसले.

मेसेज थोडक्यात असा: हार्ट अटॅक आलेल्या निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल असतं, म्हणजे त्याचा काही संबंधच नाही. अमेरिकेनेसुद्धा २०१५ मध्ये त्याला निर्दोष ठरवलं. मेंदूला कोलेस्टेरॉल लागतंच. नुसतं एकूण कोलेस्टेरॉल बघून काही कळत नाही. आणि ही सगळी भीती औषध कंपन्यांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्या, खपवायला घातली आहे.

निम्म्या लोकांचा आकडा खरा आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयांत हृदयविकाराने भरती झालेल्या १,३६,९०५ जणांचे रिपोर्ट तपासलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास निम्म्या लोकांचं एलडीएल, म्हणजे ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १०० मिलिग्रॅमच्या खाली निघालं. पण अटॅकसारख्या आजारात एलडीएल आपोआप उतरतं आणि ही तपासणी भरती झाल्यानंतरची होती. शिवाय पाचातला एक जण आधीपासूनच कोलेस्टेरॉलचं औषध घेत होता. आणि ‘नॉर्मल’चा अर्थ तरी काय? बहुतेकांमध्ये आढळतं ते. नवजात बाळाचं एलडीएल तीसच्या आसपास असतं. त्याच्या तिप्पट पातळीला आपण मोठी माणसं छान म्हणतो. मधल्या पातळीचे लोकच जास्त, म्हणून आजारीही त्यांच्यातलेच जास्त सापडणार. त्यावरून एलडीएल निर्दोष सुटत नाही.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रोज लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासण्या, हाताखालून जातात. रक्ताची नळी गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजमधून काढली की वर सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, दिसतं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी एक चरबी, खूप वाढलेले असले तर ते दुधासारखं पांढुरकं असतं, मशीनला लावायच्या आधीच कळतं. पण नुसतं एलडीएल वाढलेलं असेल तर, ते २५० असलं तरी, सीरम स्वच्छ, फिकट पिवळं, चारचौघांसारखंच. एलडीएलचे कण इतके बारीक असतात की उजेड अडत नाही. याच बारीकपणामुळे ते धमनीच्या अस्तरातून आत शिरतात आणि तिथे अडकतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, चरबीने फुगतात आणि तिथेच साचतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या साबणाच्या फेसासारख्या दिसतात. हे वर्षानुवर्षं चालतं आणि कुठेही दुखत नाही.

आता कंपन्यांचा डाव. औषधांच्या चाचण्यांना कंपन्यांचा पैसा असतो, हे मी नाकारत नाही. म्हणून औषध बाजूलाच ठेवू.

काही मुलं यकृतावर एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर नसलेलीच जन्माला येतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी हे रिसेप्टर शोधले, १९८५ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. या मुलांचं एलडीएल पाचशेच्या वर जातं. सिगारेट नाही, मधुमेह नाही, तरी शाळेच्या वयात हार्ट अटॅक येऊ शकतो. यकृत बदललं की एलडीएल झपाट्याने उतरतं.

याच्या उलट माणसंही आहेत. पीसीएसके९ नावाचं प्रथिन हे रिसेप्टर नष्ट करतं. काही कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये त्याचं जनुक जन्मतःच निकामी असतं आणि त्यांचं एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी असतं. पंधरा वर्षं नोंदी ठेवल्यावर, २००६ मध्ये निष्कर्ष आला: हृदयधमनीच्या आजाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी. त्या गटात रक्तदाबाचे, सिगारेट ओढणारे भरपूर होते, तरीही. आकडा इतका मोठा आहे, कारण एलडीएल कमी होतं ते आयुष्यभर. साठीत गोळी सुरू करणाऱ्याला पाच वर्षांत तेवढा फायदा मिळणार नाही.

आणखी एक प्रयोग माझ्या मते सगळ्यात बोलका आहे, पण फार कुणाला माहीत नसतो. एक अटॅक येऊन गेलेले ८३८ रुग्ण घेतले आणि कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून त्यातल्या निम्म्यांच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेने वगळला. हे १९९० मध्ये छापून आलं. एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरलं. हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा अटॅक, हे दोन्ही मिळून ३५ टक्क्यांनी घटलं. यात कुठली गोळी खपली?

२०१५ बद्दल नुसती गल्लत आहे. तेव्हा अमेरिकेच्या आहाराच्या सूचनांमधून काढली ती रोजच्या खाण्यातल्या कोलेस्टेरॉलची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा. पानातलं कोलेस्टेरॉल आणि रक्तातलं एलडीएल या दोन वेगळ्या गोष्टी. रक्तातलं बरंचसं यकृतच बनवतं. संतृप्त चरबीची मर्यादा कायम राहिली. मेंदूचं म्हणाल तर तो स्वतःपुरतं कोलेस्टेरॉल स्वतः तयार करतो, रक्तातलं एलडीएल तिथे पोचतच नाही.

गोळीचे त्रास आहेत. मधुमेहाची शक्यता थोडी वाढते, काहींचे स्नायू खरोखर दुखतात. पण त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आलटून पालटून एक महिना स्टॅटिन, एक महिना खोटी गोळी, एक महिना काहीच नाही, असं दिलं, तेव्हा स्टॅटिनवर होणाऱ्या त्रासातला ९० टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला. दुखणं खरं होतं, कारण वेगळं होतं. डॉक्टरांना सांगा, डोस कमी करता येतो, दुसरं औषध देता येतं.

एकूण कोलेस्टेरॉलचं वाक्य मात्र पटण्यासारखं आहे. त्यात एचडीएल, म्हणजे ज्याला ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते, हेही येतं. पण म्हणून ‘चांगलं’ भरपूर आहे, बाकीचं वाढलं तरी चालेल, असं नाही: एचडीएल वाढवणाऱ्या टॉर्सेट्रॅपिब या औषधाची चाचणी २००६ मध्ये थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झाले. रिपोर्टमधल्या एकूण आकड्यातून एचडीएल वजा करा आणि उरेल त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

काकांना मी त्यांचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून दाखवले. स्टेंटच्या आधी एलडीएल १५८, आता गोळी घेऊन ६२. उद्या ते दवाखान्यात भरती झाले, तर मेसेजच्या हिशेबात तेही ‘नॉर्मल’वाल्यांतच धरले जातील. त्यांनी दोन्ही कागद घडी करून खिशात ठेवले आणि गोळी रात्री घ्यायची की सकाळी, ते विचारलं.