रूट कॅनल, कॅन्सर आणि मिश्री: आत्याला आलेल्या मेसेजला उत्तर

माझी आत्या कराडला असते. वय ६१, बारा वर्षांचा डायबिटीस. दोन महिन्यांपूर्वी तिची खालची डावी दाढ अशी ठणकायला लागली की तिनं सलग तीन रात्री बसून काढल्या. डॉक्टरांनी रूट कॅनल सांगितलं, म्हणजे दाढेच्या आतली सुजलेली नस काढून आतल्या नळ्या साफ करून भरायच्या. पहिली सिटिंग झाली, दाढेत औषध ठेवून वरून तात्पुरतं सिमेंट भरलं आणि आठवड्यानं बोलावलं. आत्या गेलीच नाही. हे मला तीन आठवड्यांनी फोनवर कळलं, तेही बोलता बोलता. "अगं, दुखायचं थांबलंय. आणि तो मेसेज वाचलास ना? त्यानं कॅन्सर होतो म्हणे."

मेसेज आमच्याच नातेवाइकांच्या ग्रुपवरचा. "रूट कॅनल करण्याआधी हे नक्की वाचा" असा मथळा आणि खाली पाच मुद्दे. रूट कॅनल केलेल्या दातामुळे कॅन्सर होतो, ९७ टक्के रुग्णांच्या तोंडात असा दात सापडला. दाताची नस काढली की डोळे अधू होतात. रूट कॅनल म्हणजे मरणयातना. दुखायचं थांबलं की दात बरा झालेला असतो, मग डॉक्टर नुसते पैसे काढतात. आणि शेवटी घरगुती उपाय: रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन कीड पाडा आणि रात्री झोपताना दाढेखाली मिश्री दाबून धरा.

सुरुवात शेवटापासूनच करते, कारण ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूची पूड. दुसरं काही नाही. धूर न काढता तोंडात धरायच्या तंबाखूनं माणसाला कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं नि:संदिग्धपणे सांगितलेलं आहे. त्यात कसली शंका उरलेली नाही, वाद उरलेला नाही. ज्या मेसेजच्या पहिल्या ओळीत कॅन्सरची भीती घातली आहे, त्याच मेसेजच्या शेवटच्या ओळीत तोंडाच्या कॅन्सरचं सगळ्यात ओळखीचं कारण औषध म्हणून सांगितलंय. आणि वाचणाऱ्यांनी त्याखाली हात जोडलेत. आमच्या भागात बायकांना मिश्री लागते ती अशीच. आधी दाढ दुखते म्हणून चिमूटभर, मग सकाळी पोट साफ होत नाही म्हणून, मग ती घासल्याशिवाय चहाच घेववत नाही. माझी आजी अशीच अडकली होती. आत्यानं वीस वर्षांपूर्वी मोठ्या जिद्दीनं सोडली होती. या मेसेजनंतर तिनं पुन्हा डबी आणली. फोनवर तिनं ते सांगितलं तेव्हा मला काही क्षण बोलताच येईना.

धुरीचं तर किती सांगायचं? दातात अळ्या नसतात. "कीड लागली" हा आपला बोलण्याचा शब्द. प्रत्यक्षात तोंडातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात पोखरतं. धुरीनंतर पाण्यात पडलेले पांढरे वळवळीत "किडे" दाखवतात ते बियांतलेच वळलेले अंकुर. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं १७२८ सालच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय की सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तरी आपल्याला दातात किडे दिसले नाहीत. आता तीनशे वर्षं होत आली.

आता कॅन्सर. हे ९७ टक्के कुठल्या हॉस्पिटलातले, कुठल्या वर्षीचे, किती रुग्णांतले, यातलं मेसेजमध्ये काहीही नाही. समजा आकडा खरा धरला, तरी कॅन्सर न झालेल्या त्याच वयाच्या किती लोकांच्या तोंडात असा दात आहे, हे मोजल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. त्याच रुग्णांपैकी बहुतेकांना चाळिशीचा चष्माही असेल. मग चष्म्यानं कॅन्सर होतो म्हणायचं का?

ही भीती मुळात शंभर वर्षांची. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या वेस्टन प्राइस नावाच्या दंतवैद्यानं उपटलेले दात सशांच्या कातडीखाली बसवले. ससे आजारी पडले आणि १९२३ साली त्यानं मोठे ग्रंथ लिहून मांडलं की रूट कॅनल केलेले दात शरीरभर रोग पसरवतात. पुढे इतरांनी नीट निर्जंतुक पद्धतीनं, तुलनेसाठी वेगळा गट ठेवून तसे प्रयोग केले, तेव्हा ते निष्कर्ष टिकले नाहीत. पण तोवर वाचवता आले असते असे असंख्य दात लोकांनी उपटून घेतले होते.

उलट बाजूचा पुरावा एकच सांगते, पण तो दोन्हीकडची माणसं मोजून काढलेला आहे. २०१३ साली जामाच्या, म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या, कान-नाक-घसा आणि डोकं-मान शस्त्रक्रियेच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात डोकं-मानेच्या कॅन्सरचे रुग्ण आणि तो कॅन्सर नसलेली माणसं, दोघांचेही दात पाहिले. एकाहून जास्त रूट कॅनल झालेल्यांत या कॅन्सरचा धोका वाढलेला आढळला नाही, उलट ४५ टक्क्यांनी कमी आढळला. म्हणून रूट कॅनलनं कॅन्सर टळतो असं मी म्हणणार नाही, एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. पण "होतो" म्हणणाऱ्यानं निदान दोन्हीकडची माणसं मोजून दाखवावीत.

डोळ्यांचं एका वाक्यात: दाताची संवेदना नेणारी नस वेगळी, दृष्टीची नस वेगळी, आणि रूट कॅनलमध्ये फक्त दाताच्या आतला दोऱ्याएवढा भाग निघतो.

"दुखायचं थांबलं की दात बरा" यात मात्र अर्धं सत्य आहे, आणि म्हणूनच ते जास्त घातक आहे. दुखणं खरंच थांबतं. आत्याचं तर डॉक्टरांनी आतली सुजलेली नस काढली म्हणूनच थांबलं. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचंही कधी कधी आपोआप थांबतं, कारण तोवर नस मेलेली असते. मेलेल्या नसेला ठणका कळत नाही, पण जिवाणूंना आत मोकळं घर मिळतं. ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, काही महिने शांत बसतात आणि मग एका सकाळी गाल सुजून वर येतो. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांचंच असतं. झिजलं, कडेनं फटलं की लाळ आत जायला लागते आणि पहिल्या सिटिंगची सगळी मेहनत वाया. खालच्या दाढेचा पू जबड्याखाली, गळ्याकडे उतरू शकतो, आणि साखर वाढलेली असेल तर फार वेगानं. सूज वाढत चालली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर लवंगेचं तेल शोधत बसायचं नाही, त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं.

लवंगेच्या तेलाबद्दल मात्र मान्य करते. त्यानं थोडा वेळ बधिरपणा येतो, दंतवैद्यांच्या काही सिमेंटमध्येही त्यातलंच द्रव्य असतं. पैशांचंही मान्य. रूट कॅनल आणि वर कॅप म्हणजे कित्येक घरांत महिन्याचं किराणाबिल. गरज नसताना रूट कॅनल सांगणारे भेटत नाहीत असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. शंका असेल तर एक्स-रे मागून घ्यावा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावा. पण हा मेसेज दुसरं मत घ्या म्हणत नाही, तो मिश्री घ्या म्हणतो.

आणि मरणयातना? माझी पहिली रूट कॅनल चार वर्षांपूर्वी झाली, तीही खालच्याच दाढेची. इंजेक्शनची टोचणी जाणवली, मग अर्धा ओठ आणि जीभ जड झाली. दातावर रबराचा पातळ पडदा लावला. पोहण्याच्या तलावासारखा वास आला, तो आतल्या नळ्या धुवायच्या द्रावणाचा. बारीक सुयांसारख्या फायली फिरत होत्या, मधेच एक यंत्र टुकटुक करत नळीची लांबी सांगत होतं. सगळ्यात जास्त काय दुखलं असेल तर तासभर उघडा ठेवलेला जबडा. हो, फार सुजलेली नस कधी कधी एका इंजेक्शननं बधिर होत नाही, तेव्हा हात वर करून सांगायचं, डॉक्टर आणखी देतात. सगळं गुपचूप सोसायला आपण तिथे जात नाही. बधिरपणा दोन-चार तास राहतो, तोवर जेवायचं नाही, नाहीतर स्वतःचाच गाल चावला जातो. पुढचे दोन-चार दिवस चावताना दाढ हुळहुळते, ते अपेक्षितच आहे. डॉक्टरांनी दिलेली गोळी पुरते. दिवसेंदिवस दुखणं कमी व्हायच्याऐवजी वाढत गेलं तर मात्र फोन करायचा. कॅप बसेपर्यंत त्या बाजूनं चिक्की, चकली, ऊस, सुपारी बंद, कारण आधीच कीड लागून आणि आतून कोरून पोकळ झालेली दाढ उभी चिरली तर ती बहुधा काढावीच लागते.

आत्याची दुसरी सिटिंग येत्या गुरुवारी साडेअकराला आहे, मी रजा टाकून जाते आहे. आत्या, हे वाचत असशील तर ऐक: उपाशी यायचं नाही. रोजच्यासारखी भाकरी खाऊन, शुगरची गोळी वेळेवर घेऊन, सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या पिशवीत टाकून तयार राहा. आणि ती डबी माझ्याकडे दे.